हाकेचा कुत्रा

सलग दुसऱ्या वर्षी रानडुकरांनी ओढ्याकाठचा बटाट्याचा तुकडा उकरून टाकला, तेव्हा शिट्टीआबांच्या सुनेने रिकामी टोपली बांधावर आपटली आणि सांगितलं, की घरात कुत्रा आल्याशिवाय ती या रानात पाऊल टाकणार नाही. रानाची दशा अशी होती, की कोणी नांगर पहिल्यांदाच हातात धरून मन मानेल तसा फिरवला असावा. पाला उलटापालटा झालेला, बटाटे अर्धे चावून टाकलेले. तिचा नवरा, म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, खाली बसून धड राहिलेले बटाटे वेचत होता आणि शहाण्या माणसासारखा गप्प होता. खुरपणी तिने केली होती, पाठ तिची मोडली होती, तेव्हा बोलायचा हक्कही तिचाच होता.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. सहा वर्षं त्यांनी कुत्र्याचा विषय घरात निघू दिला नव्हता. आज ते एवढंच म्हणाले, "बघू." सुनेने तो 'बघू' तिथल्या तिथे गाठीला बांधला. सासऱ्याचं 'नाही' बदलत नसे, पण 'बघू'ला धक्का देता येतो, हे तिला अकरा वर्षांत कळलं होतं.

शिट्टीआबा हे नाव त्यांना आजूबाजूच्या गावांनी दिलं होतं. दोन बोटं जिभेखाली घालून ते शिट्टी मारत, आणि पल्याडच्या टेकडीवरचा कुत्रा तोंडातला ससा टाकून उलट्या पावली परत येई. सतरा शिकारी कुत्रे त्यांनी तयार केले होते. पीक काढायच्या आधी गावातली माणसं ओढ्याच्या झाडीत हाका घालत. हाकारे आरडाओरडा करत डुकरं उठवत, कुत्रा एखाद्याला अडवून धरी, आणि बंदूकवाला गोळी घाली. पण गोळी घालायची तर कुत्रा मधून निघाला पाहिजे. आबा म्हणत, अडवायला कोणतंही कुत्रं शिकतं, रक्तातच असतं ते. ऐन रंगात आलेल्या कुत्र्याला सोडून यायला शिकवणं, ही खरी विद्या.

शेवटचा कुत्रा होता तपकिऱ्या. सहा वर्षांपूर्वी त्याने एक जुना सुळेवाला डुक्कर दरडीशी अडवला. आबांनी शिट्टी मारली, एकदा, दोनदा, तीनदा. तपकिऱ्या आला नाही, आणि डुकराने त्याचं पोट फाडलं. गावाला आबांनी सांगितलं, कुत्रा हट्टी निघाला. गावाला ते पटलं, कारण शिट्टीआबांची शिट्टी चुकेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. खरं काय ते एकट्या आबांना ठाऊक होतं. त्याच आठवड्यात त्यांचे समोरचे दोन दात पडले होते, आणि हाकाऱ्यांच्या गलक्यात तिन्ही वेळा तोंडातून नुसता वारा गेला होता. तपकिऱ्याने ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर तो आला असता. ही गोष्ट आबांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही. बायकोला सांगितली असती, पण ती त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. शिट्टीआबा पुन्हा कुत्रा घेणार म्हटल्यावर जो तो सल्ला द्यायला अंगणात येऊन बसू लागला, जणू घरात सोयरीक ठरत होती. सुतार सगळ्यात आधी आला. त्याच्याकडे दोन कुत्रे होते, उंच, लांब तोंडाचे, पोट पाठीला लागलेले. त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं छापलेला कागदही त्याच्याकडे होता, आणि तो कागद तो खिशात घेऊनच आला होता. आबांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "तुझ्या पणज्याचं नाव काय रे?" सुताराला आठवेना. "कुत्र्याचं बरं पाठ आहे," आबा म्हणाले.

पण नुसती चेष्टा करून ते थांबले नाहीत. त्यांनी मुलाला आणि सुनेला बसवून समजावलं. सुताराची जात मोकळ्या माळावरची. डोळ्यांनी बघते आणि पळते. आपली शिकार काटेरी झुडपात, तिथे डोळे काय कामाचे, नाक हवं. गिरणीवाल्याकडे रुंद जबड्याची जात आहे, ती धरते ती मेल्याशिवाय सोडत नाही, म्हणजे मरायलाच जन्मलेली. मेंढपाळाकडे जी राठ केसांची कुत्री आहेत ती दिसायला अगदीच सुमार, पण काटा अंगाला लागू देत नाहीत, वासावर चालतात, आणि त्यांच्यात एक गुण आहे. काम करता करता ती मागे वळून माणसाकडे बघतात. कळपाजवळ पिढ्यान् पिढ्या राहिल्याची ती सवय. "मागे बघणारी जात," आबा म्हणाले, "आपल्याला ती हवी."

मेंढपाळाच्या वाड्यावर कुत्री व्यालेली होती. पाच पिल्लं, पाचही धुरकट रंगाची. आबांनी आधी पिल्लांना हात लावला नाही, आईला बघितलं. तिचे पंजे उचलून पाहिले, दात पाहिले, तिच्यासमोरची थाळी ओढून ती काय करते ते पाहिलं. खाण तशी माती, हे बियाण्याला लागू तसं कुत्र्यालाही लागू. मग एकेक पिल्लू मानेच्या कातड्याला धरून उचललं, पालथं केलं, कानाशी टाळी वाजवली. शेवटी पिशवीतून डुकराच्या जुन्या कातड्याचा तुकडा काढून मध्ये टाकला.

सगळ्यात मोठ्या पिल्लाने कातड्यावर झडप घातली आणि गुरगुरत ते घट्ट धरून ठेवलं. आबांचे डोळे चमकले. "हाच," ते म्हणाले.

सून उकिडवी बसून बघत होती. ती कुत्र्यांमधली जाणकार नव्हती, पण बघायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या पिल्लाने कातडं टाकून आता आईचा कान धरला होता. आई गुरगुरली, तरी सोडेना. आईने दात दाखवले, तरी सोडेना. दुसरं एक बारकं पिल्लू, उजवा कान अर्धा पडलेलं, आईच्या शेपटीला लटकलं होतं. आई नुसती वळली, तर त्याने लगेच शेपटी सोडली, दोन पावलं मागे झालं आणि आईच्या तोंडाकडे बघत बसलं.

"आबा, आपल्याला धरणारा हवाय, की सोडणारा?" सुनेने विचारलं.

आबांनी मोठं पिल्लू तिथेच सोडलं, थोडा वेळ दाढी खाजवली आणि पडक्या कानाचं पिल्लू उचलून सुनेच्या पदरात टाकलं. वाटेत ते एकदाच बोलले. "हे काही करू शकलं नाही, तर निवड तुझी होती, हे ध्यानात ठेव." ती म्हणाली, "आणि करू शकलं तर?"

या घरात कुत्र्याला लगेच नाव ठेवत नसत. पहिला हाका पार पडून कुत्रा धड परत आला, की मग नाव. आबांच्या बापापासूनची ही रीत, आणि तिच्यामागे कारणही होतं. नाव ठेवलं की जीव जडतो, आणि जीव जडला की कुत्र्याला शिकवताना हात आखडतो. तोवर त्याला पिल्लू, ए, अरे, काय वाटेल ते म्हणायचं. हाक मात्र एकच, शिट्टी. ती फक्त आबांची.

आबांनी शिकवायला सुरुवात केली आणि त्यांची पाठ सरळ झाली. पहाटे उठून ते काठीशिवाय गोठ्यापर्यंत जाऊ लागले. पोत्यात भुसा भरून वर डुकराचं कातडं शिवलं, त्याला लांब दोरी बांधली, आणि ते पोतं ओढत मक्याच्या ताटांतून पळायचं काम मुलाकडे आलं. मुलगा पस्तिशीचा, पोट जरा सुटलेलं. तो धापा टाकत पळे, आबा बांधावरून "वाकडा पळ, डुक्कर काय रस्त्याने जातं का," असं ओरडत, आणि सून दारात तोंडाला पदर लावून हसे. पिल्लू चार महिन्यांत माग काढायला शिकलं. वाऱ्याची दिशा बघून वळसा घालायला कोणी न शिकवता शिकलं. पोत्याच्या तोंडासमोर उभं राहून भुंकायचं, अंगावर जायचं नाही, एवढंही आठव्या महिन्यापर्यंत पक्कं झालं. आता ते पिल्लू राहिलं नव्हतं. पडका कान सोडला तर रुबाबदार कुत्रा दिसत होता.

फक्त शिट्टीला तो येईना.

आबांना शहरातल्या दातांच्या डॉक्टरने गेल्या वर्षी उरलेले दात काढून कवळी बसवून दिली होती. आबांना वाटलं होतं, दात आले म्हणजे शिट्टीही येईल. गोठ्यामागे जाऊन ते रोज बोटं तोंडात घालून बघत. कधी सुंई असा आवाज येई, कधी कवळीच पुढे सरके. कुत्रा मान तिरकी करून त्यांच्याकडे बघे, कौतुकाने बघे म्हटलं तरी चालेल, आणि पुन्हा पोत्यासमोर भुंकायला लागे. आबांनी चारचौघांत सांगायला सुरुवात केली, की कुत्रा जरा कानाने मंद आहे. सुताराने आपली विकतची पितळी शिट्टी पुढे केली. आबांनी ती हातातही घेतली नाही. शिट्टीआबाने विकतची शिट्टी तोंडात घालायची, म्हणजे गावाला आपले दात मोजायला बोलावण्यासारखंच झालं.

एका दुपारी आबा बांधावर होते, मुलगा पोतं घेऊन मक्यात होता, कुत्रा त्याच्यासमोर उभा राहून जीव तोडून भुंकत होता. आबांनी चार वेळा शिट्टी मारून पाहिली आणि कंटाळून खाली बसले. तेवढ्यात घराच्या दारातून सुनेची हाक आली. "अहो..." ती रोज जेवायला अशीच हाक मारी, शेवटचा ओ लांबवून. कुत्र्याचं भुंकणं मध्येच तुटलं. तो वळला, आणि मक्याची ताटं मोडत, बांध ओलांडत, आबांच्या अंगावरून उडी मारून सरळ दाराकडे गेला. मागून मुलगा पोतं खांद्यावर टाकून निघाला.

"खादाड," आबा म्हणाले. पण सुनेला शंका आली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळ नसताना ती विहिरीवर गेली, आणि कुत्रा गोठ्याशी झोपलेला बघून हलकेच म्हणाली, "अहो." कुत्रा उठून आला. पाठोपाठ नवराही आला आणि म्हणाला, "काय?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही." तो बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

मग तिच्या लक्षात आलं. पिल्लाला नाव नव्हतं. दिवसातून दहा वेळा ती 'अहो' म्हणे, आणि दहा वेळा तिचा नवरा हातातलं काम टाकून तिच्याकडे येई. पिल्लू त्याच्याच पायात घोटाळत वाढलेलं, तेही येई. आलं की काहीतरी तोंडात पडे, नाहीतर पाठीवरून हात फिरे. त्याने बघून बघून ठरवलं, की या घरात हातातलं सोडून यायचं ते या शब्दाला. ते काही चुकीचं नव्हतं.

तिने आबांना सांगितलं, तेव्हा आबा असे भडकले की कवळी काढून हातात घेतली. सतरा कुत्रे शिट्टीवर तयार झाले, आणि अठरावा बाईने नवऱ्याला मारायच्या हाकेवर? हाक्यात पन्नास माणसं असतात. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हाक्याला तीन आठवडे आहेत, तोवर घरात हा शब्द बंद.

"मग यांना काय म्हणू?" सुनेने विचारलं. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला दुसरी हाक मारली नव्हती.

"ताटावर पळी वाजव," आबा म्हणाले.

तीन आठवडे पळी वाजली. पहिल्या दिवशी मुलगा आलाच नाही, त्याला वाटलं भांडं पडलं. कुत्रा दाराशी बसून सुनेच्या तोंडाकडे बघत राही, आणि ती काही बोलली नाही की पुढच्या पायांवर मान टाकून पडे. घर मुकं झाल्यासारखं वाटू लागलं. आणि आबांना एक वेगळीच चुटपुट लागली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सून 'अहो' म्हणे तेव्हा तेही दर वेळी मान वर करत, आणि मग आभाळ बघितल्यासारखं करत. एकेचाळीस वर्षं ती हाक त्यांची होती. बायको शेवटच्या आजारपणात आतल्या खोलीतून सारखी 'अहो' म्हणे. ते अंगणातून उठून जात, विचारत, "काय?" ती म्हणे, "काही नाही. नुसती हाक मारली." ते चिडत. कामं पडली आहेत आणि हिला हाका सुचतात, असं पुटपुटत बाहेर येत. आता त्या चिडण्याचं त्यांना वाईट वाटे.

हाक्याच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "मी येते बांधापर्यंत. वेळ पडली तर हाक मारते." आबा नको म्हणाले. "मग त्याला नेऊ नका, आबा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बटाटे गेले तर गेले. पुढच्या वर्षी लावू. हा तपकिऱ्यासारखा पडून राहिला, तर मला नाही बघवणार."

तपकिऱ्याचं नाव घरात सहा वर्षांनी निघालं होतं. आबा म्हणाले, "कुत्रा शिकारीचा आहे. दारात बसवायला आणला नाही." पण त्या रात्री त्यांनी कवळी नीट घासली आणि सकाळी तीन वेळा दाबून बसवली.

सकाळ गार होती, गवतावर दहिवर होतं. माणसं ओढ्याच्या दोन्ही अंगांनी पसरली. मुलगा पल्याड हाकाऱ्यांच्या रांगेत गेला. आबा आणि बंदूकवाला अल्याड, दरडीच्या वर. सुतार आपले दोन उंच कुत्रे घेऊन शेजारी उभा होता. डबे वाजू लागले, आरोळ्या उठल्या, झाडी हलली, आणि एक डुकरीण सहा-सात पिलांसकट माळाकडे पळाली. सुताराचे दोन्ही कुत्रे तिच्यामागे वाऱ्यासारखे गेले. सुतार पितळी शिट्टी फुंकत त्यांच्यामागे गेला, आणि दुपारपर्यंत तिघांपैकी कोणीच परत आलं नाही.

आबांचा कुत्रा हलला नव्हता. तो नाक वर करून वारा घेत होता. मग वळसा घालून, खालच्या अंगाने, करवंदीसारख्या दाट काटेरी जाळीत शिरला. थोड्या वेळाने आतून भुंकणं आलं, एकाच जागेवरून येणारं, ठाम. आबांनी ते ऐकलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. असंच शिकवलं होतं. अगदी असंच.

डुक्कर मागे सरकत दरडीशी आला. जुना, पुढून रुंद, सुळे पिवळे पडलेले. कुत्रा त्याच्या तोंडासमोर चार हात अंतरावर उभा होता, पुढे होत होता, मागे होत होता, अंगावर जात नव्हता. बंदूकवाल्याने नेम धरला आणि नळी खाली केली. कुत्रा मध्ये येत होता. "आबा, काढा त्याला," तो म्हणाला.

आबांनी बोटं तोंडात घातली. वारा गेला. पुन्हा घातली, सगळा जीव एकवटून फुंकर मारली, आणि कवळी तोंडातून सुटून दरडीवरून खाली चिखलात पडली.

डुकराने मुसंडी मारली. कुत्र्याने ती चुकवली, पण जेमतेम. त्याच्या खांद्यावरून रक्ताची रेघ निघाली. तो पुन्हा समोर उभा राहिला, जीभ बाहेर, पाय थरथरत होते. आणि तेवढ्यात, भुंकणं न थांबवता, त्याने एकदा मान वळवून वर आबांकडे बघितलं. मागे बघणारी जात. तो विचारत होता, पुरे का?

आबांच्या तोंडात दात नव्हते. शिट्टी नव्हती. सहा वर्षांपूर्वीचा तपकिऱ्या त्यांना समोर दिसत होता. एक शब्द मात्र असा होता, की ज्याला दात लागत नाहीत.

"अहो..." आबा ओरडले.

बोळक्या तोंडातून आवाज बारीक आला, बाईमाणसाचा वाटावा असा. कुत्र्याचा पडका कान उभा राहिला. आबांनी काठी टाकली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शेवटचा ओ सुनेसारखा लांबवला. "अहो... या. या लवकर."

कुत्रा वळला आणि एका दमात दरड चढून आबांच्या पायांवर येऊन आदळला. मागून बंदूक वाजली. डुक्कर गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

मग सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत ओढ्याच्या पाण्यातून कोणीतरी धबाधबा येताना ऐकू आलं. आबांचा मुलगा गुडघाभर चिखलात, हातात डबा, धापा टाकत दरडीखाली आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ती कुठेय? हाक मारली ना आत्ता?"

बंदूकवाला बंदूक बाजूला ठेवून खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हाकारे जमले, गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली, आणि सगळा ओढा हसू लागला. कोणीतरी म्हणालं, शिट्टीआबा आता कुत्र्याला अहोजाहो करायला लागले. आबांची मान खाली होती. लोकांना वाटलं, लाजले. ते कुत्र्याच्या खांद्यावरची जखम बघत होते. वरवरची होती, आठ दिवसांत भरणारी. त्यांनी दोनदा बोट फिरवून खात्री केली आणि मग मान वर केली. "हसा लेको," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "माझा आलाय. सुताराचे कुठे आहेत ते बघा."

घरी सून दारातच उभी होती. कुत्रा आपल्या पायांनी चालत येताना दिसला, तेव्हा ती खाली बसली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. जखम धुवून, हळद भरून झाल्यावर आबा तिच्याजवळ ओट्यावर बसले. मुलगा कवळी घासत विहिरीवर होता.

"तपकिऱ्या हट्टी नव्हता," आबा म्हणाले. "माझी शिट्टीच वाजली नव्हती. दात पडले होते."

सुनेने हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तसं. त्या दिवसापासून हा घरात येईपर्यंत तुम्ही एकदाही शिट्टी मारली नव्हती, आबा. गंमत म्हणूनसुद्धा नाही."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

आबांनी मान हलवली. सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एवढ्या कमी शब्दांत संपते, याचं त्यांना नवल वाटलं आणि हलकंही वाटलं.

कुत्र्याचं नाव ठेवायची वेळ झाली होती. मुलगा ओल्या हातांनी येऊन बसला आणि दोन-तीन भारदस्त नावं सुचवू लागला. आबा म्हणाले, नाव ठेवायचं कारण नाही, त्याने स्वतःच घेतलंय. आता जन्मभर ते त्याचं.

"मग मी यांना काय म्हणायचं?" सून म्हणाली. "पळी वाजवणार नाही मी, आधीच सांगते."

"त्याला बापाने एक नाव ठेवलेलं आहे," आबा म्हणाले. "पस्तीस वर्षं नुसतं पडून आहे. ते वापर."

मुलगा कान खाजवत गोठ्याकडे निघून गेला. सून लाल होऊन आत गेली आणि बराच वेळ भांडी हलवत राहिली. दिवस कलला. जेवणवेळ झाली. ती दारात आली, घसा खाकरला, परत आत गेली, परत आली. मग तिने नवऱ्याला नावाने हाक मारली. तीन अक्षरांचं साधं नाव, पण मधल्या अक्षरावर आवाज जरा अडखळला. गोठ्यात बादली पडल्याचा आवाज झाला. मुलगा बाहेर आला तो नवीन लग्न झाल्यासारखा हसत होता. दोघं आत गेले आणि आतून हळू बोलण्याचा आवाज येऊ लागला.

कुत्रा अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात मऊ मातीत पडला होता. त्या हाकेशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याने डोळाही उघडला नव्हता.

आबांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"अहो," ते हलकेच म्हणाले.

कुत्रा उठला, दुखरा खांदा सांभाळत सगळं अंगण ओलांडून आला आणि त्यांच्यासमोर उभा राहून तोंडाकडे बघू लागला. आबांनी त्याच्या पडक्या कानावरून हात फिरवला.

"काही नाही," ते म्हणाले. "नुसती हाक मारली."